दोन आया, एक हारा आणि सात पिल्लं

घरात दोन मांजरी एकदम व्यायच्या असल्या की सगळीकडून एकच सल्ला येतो, दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडा नाहीतर एकमेकींची पिल्लं मारून टाकतील. मलाही शेजारणीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. आमच्याकडे मात्र दोघींनी मिळून सात पिल्लं वाढवली, आणि ते इतकं जवळून बघायला मिळालं की सगळं सलग लिहून ठेवावंसं वाटलं, काय आपोआप झालं, कुठे आम्हाला हात घालावा लागला आणि कुठे हात आवरावा लागला ते सगळं. कुणाकडे अशी वेळ आली तर उपयोग होईल.

आम्ही मे महिन्यात चिपळूणला सासरी कायमचे राहायला आलो. घर जुनं, कौलारू, पुढे पडवी आणि वर लाकडी माळा. मनी इथलीच, पांढरी, पाठीवर करडे ठिपके, सासूबाईंच्या हिशोबाने पाच-सहा वर्षांची. चिंगी म्हणजे तिचीच लेक, तिरंगी, जेमतेम वर्षाची. आम्ही आलो तेव्हाच दोघींची पोटं दिसत होती. मांजरीचे दिवस साधारण 63 ते 65 असतात, डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं की मनीचे आता थोडेच राहिलेत आणि चिंगी तिच्या आठवडाभर मागे असेल. मायलेकी एकदम व्यायल्या तर खूपदा पिल्लं एकत्र वाढवतात, बहिणी-बहिणीही वाढवतात, हेही त्यांनीच सांगितलं. मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांच्या कळपात हे अगदी नेहमीचं आहे म्हणे, एक पाजत बसते तेव्हा दुसरी शिकारीला जाते. अनोळखी मांजरी असत्या तर त्यांनी वेगळंच ठेवायला सांगितलं असतं. म्हणजे लोकांचा सल्ला अगदीच चूक होता असं नाही, फक्त तो आमच्या दोघींना लागू नव्हता.

व्यायची जागा सासूबाईंनी ठरवली. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हापासून पावसाळ्यात त्या जमिनीवर काहीच ठेवत नाहीत, तांदळाच्या डब्यापासून फोटोंच्या पेटीपर्यंत सगळं वर. त्यामुळे आंब्याचा मोठा हारा, म्हणजे मोठी टोपली, माळ्याच्या जिन्याजवळच्या बंद खोलीत पलंगावर ठेवला, आत जुनी सुती गोधडी, आणि पलंगाला लागून एक ट्रंक, चढ-उतर करायला. मनीने हारा लगेच पसंत केला, गोधडी पायांनी कुटून कुटून खळगा केला आणि दोन दिवसांत व्यायली. चार पिल्लं, दोन तिरंगी, दोन करडी-पांढरी, 95 ते 110 ग्रॅममधली. तिचं सगळं इतकं सराईत की आम्ही फक्त दाराच्या फटीतून बघितलं.

खरी गंमत चिंगीची. स्वतःचं पोट टम्म असताना ती रोज हाऱ्यात जाऊन आईच्या पाठीला पाठ लावून झोपायला लागली. मी दोनदा उचलून बाहेर आणली, परत आत. मनी काही बोलली नाही, उलट तिचं तोंड चाटून द्यायची. आणि एका सकाळी बघते तर मनीची दोन पिल्लं चिंगीला लुचतायत! अजून ती व्यायलीही नव्हती. मला इतकं भरून आलं, फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तर त्यांचा लगेच फोन, म्हणाले, हे थांबवा.

कारण हे की व्यायल्यावरचं पहिलं दूध, म्हणजे चीक, त्यातून आईकडची रोगप्रतिकारशक्ती पिल्लांना मिळते, आणि पिल्लांच्या आतड्यातून ती आत शोषली जाते ती फक्त पहिल्या दिवसात, तेही जन्मानंतरच्या पहिल्या पंधरा-सोळा तासांत. त्यानंतर आतडं जणू दार लावून घेतं. चिंगीचा चीक मनीच्या आठवड्याच्या पिल्लांनी आधीच पिऊन टाकला तर चिंगीच्या नवजात पिल्लांना काय उरणार? एकत्र वाढवण्यात हा एक धोका आहे आणि तो मला कुणीच सांगितला नव्हता. त्यामुळे चिंगी व्यायपर्यंत आणि व्यायल्यावर पहिला दिवस असं ठरवलं की चिंगीला त्याच खोलीत पण वेगळा खोका, मधे जुनं खिडकीचं जाळीचं दार आडवं लावलेलं, म्हणजे दोघी एकमेकींना बघू शकतात, वास येतो, पण मनीची पिल्लं पलीकडे जाऊ शकत नाहीत. मनीला मात्र उडी मारून जाता येत होतं आणि ते तसंच राहू दिलं हे फार बरं झालं.

कारण चिंगीला पहिलं पिल्लू झालं तेव्हा तिला काय करायचं ते कळेचना. पिल्लू पातळ पिशवीतच, ओलं, चकचकीत, आत तोंड उघड-बंद करतंय, आणि ही उठून खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन त्याच्याकडे बघत उभी. मी स्वच्छ रुमाल घेऊन हात पुढे केला होता, पिशवी फाडायला जास्तीत जास्त मिनिटभर थांबायचं असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढ्यात जाळीवरून मनी आली. सरळ खोक्यात शिरली, पुढच्या दातांनी पिल्लाच्या नाकाजवळची पिशवी पकडून फाडली आणि खरखर खरखर तोंड चाटायला लागली, चांगली जोरात, पिल्लू इकडून तिकडे लोळत होतं तरी ही चाटतेच आहे. मग ते ओरडलं. बारीक पण कडक आवाज. त्या आवाजासरशी चिंगीचे कान ताठ झाले, ती पुढे आली आणि आईच्या बाजूने तीही चाटायला लागली. नाळ मनीनेच चावून तोडली, पोटापासून बोटभर अंतर ठेवून. दुसऱ्या पिल्लाला दोघी मिळून. तिसऱ्याला मनी नुसती बाजूला बसून होती, सगळं चिंगीने एकटीने केलं. सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "बाळंतपणाला आई आली गं तिची." माझी बाळंतपणं माहेरीच झाली, त्यामुळे त्यांनी असं म्हटल्यावर मला पुढचं काही दिसेना थोडा वेळ.

चिंगीची तीन, एक काळं आणि दोन पिवळी. वार, म्हणजे प्लॅसेंटा, तीन वेळा पडली ना ते मोजायला विसरू नका, पिल्लामागे एक, आत राहिली तर आईला जंतुसंसर्ग होतो. मांजर ती खाते, त्यामुळे मोजायचं तर तिथेच बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जाळी काढली आणि पुढचं चिंगीने ठरवलं. एकेक पिल्लू मानेला धरून हाऱ्यात नेलं आणि स्वतः आत आडवी झाली. तिथून पुढे कुणाचं पिल्लू कुणाला लुचतंय याला काही अर्थच उरला नाही. एकीला भूक लागली की ती उठायची, खाली स्वयंपाकघरात यायची, दुसरी आत असायची. मनी आधी एकटी असताना दोन घास खाऊन पळत वर जायची, आता बशी पुसून खायला लागली, अंग चाटत पडवीत बसायला लागली. मांजरीला पिल्लांना सोडून राहता येत नाही कारण पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, आणि पहिले तीनेक आठवडे आई चाटेपर्यंत त्यांना शी-शूही होत नाही. आमच्याकडे बाहेर धो धो पाऊस आणि खोलीत दमट गारवा असूनसुद्धा गरम पाण्याची बाटली एकदाही लागली नाही. कुणीतरी एक आई आत असायचीच. आणि कामांची वाटणीही गमतीशीर, चाटून स्वच्छ करायचं काम जवळजवळ सगळं मनीचं, चिंगीच्या पिल्लांचंही, आणि चिंगी नुसती लांबच्या लांब पसरून पाजायची.

पण सगळंच छान छान नव्हतं. आठवड्याचा फरक आपल्याला किरकोळ वाटतो, पण त्या वयात मनीची पिल्लं चिंगीच्या पिल्लांच्या दुप्पट होती, डोळे उघडायला लागलेले, पायात जोर आलेला. दूध प्यायला घुसली की छोट्यांच्या डोक्यावरून जायची. पहिल्या दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ मोठ्या चारांना टोपलीत बाजूला घेऊन आधी छोट्या तिघांना चिंगीला लावायचे, ती चांगली वीस मिनिटं प्यायली की मग बाकीचे. मोठे ओरडायचे, मनी येऊन टोपलीत बसायची, प्रश्न मिटायचा.

आणि वजन. एकच आई असते तेव्हा तिच्या वागण्यावरून अंदाज येतो, दोन आया असल्या की पोट भरलेली आणि उपाशी पिल्लं एकाच ढिगात झोपलेली असतात आणि कुणाचं काय चाललंय ते नुसत्या नजरेला कळत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर प्लॅस्टिकचा डबा, रोज सकाळी एकाच वेळेला, आणि माझ्या लेकाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सात रकाने आखून दिले. रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं, दोन आठवड्यांत जन्माचं वजन दुप्पट व्हायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवायचं, कमी झालं तर डॉक्टर. पिवळी दोन सारखीच दिसायची पण एकाच्या शेपटीचं टोक पांढरं होतं म्हणून निभावलं.

मधेच जागा बदलायचा कार्यक्रम झाला. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, आमच्याकडे दोन आयांची मतं दोन. मनीला माळ्यावरच्या जुन्या पाळण्यामागची जागा आवडली, ती एक पिल्लू उचलून वर न्यायची, चिंगी तेच पिल्लू परत खाली हाऱ्यात आणायची. जिन्यावर दोघी समोरासमोर, तोंडात एकेक पिल्लू. असं दुपारभर चाललं, पिल्लं बिचारी रडून दमली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाराच वर ठेव ना, म्हणजे दोघींचं खरं होईल." तसंच केलं, हारा उचलून पाळण्यामागे नेला. दहा मिनिटांत सगळी सात आत. मांजरांच्या बाबतीत मी त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही.

पिवळा बोका एकदा कौलांवरून माळ्याच्या खिडकीपाशी आला होता. बोके परक्या पिल्लांना मारू शकतात, ही भीती खरी आहे. मला खालून नुसता आवाज ऐकू आला, वर पोचेपर्यंत मनी खिडकीच्या बाहेर कौलांवर, शेपटी बाटलीच्या ब्रशासारखी, आणि चिंगी हाऱ्यावर आडवी उभी, एकही पाऊल पुढे न टाकता गुरगुरतेय. एक लढायला आणि एक राखायला. नवऱ्याने त्याच दिवशी खिडकीला जाळी ठोकली.

आता आजारपणाचं, कारण हे सगळ्यात महत्त्वाचं. छोटी पिल्लं तिसऱ्या आठवड्यात असताना काळूचं वजन वाढायचं थांबलं. एका सकाळी जेवढं, दुसऱ्या सकाळी तेवढंच. बाकी सहा व्यवस्थित. पिल्लांची सडाची जागा बऱ्यापैकी ठरलेली असते, पहिल्या काही दिवसांतच ती आपापला सड पकडतात, आणि काळू कायम चिंगीच्या मागच्या उजव्या सडावर. म्हणून त्याला तिथे लावून बघितलं तर तो लुचतो, सोडतो, डोकं आपटतो, परत लुचतो. मी हात लावला तर तो भाग दगडासारखा कडक आणि गरम, आणि चिंगी, जी कधी कुणाला नख लावत नाही, तिने माझा हात दातात धरला. तोपर्यंत ती जेवत होती, खेळत होती, वरून काही कळलंच नसतं. दुपारी मात्र पाय पोटाशी घेऊन एकटीच पडवीत जाऊन बसली, हाऱ्यात जाईना.

शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, तापाची गोळी पाव तुकडा चुरून दे. कृपा करून हे कधीही करू नका. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे, त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही, एका गोळीत मांजर जाऊ शकतं. पिशवीत घालून रिक्षाने थेट दवाखान्यात नेली. ताप 104, मांजरीचा नेहमीचा 102 च्या आसपास असतो. स्तनदाह निघाला. इंजेक्शन, पाजणाऱ्या मांजरीला चालेल असं अँटिबायोटिक, ओल्या फडक्याने शेक, आणि डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पिल्लांना हिच्यापासून लांब ठेवलेलं बरं, एरवी मी तुम्हाला दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजायला सांगितलं असतं, पण तुमच्याकडे दुसरी आई आहे.

मनीने सातही पाजली. आठ सड आणि सात पिल्लं. तिला त्या दिवसांत आम्ही जे मागेल ते दिलं, पिल्लांचं कोरडं खाणं कारण त्यात ताकद आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतं, उकडलेलं चिकन, काटे काढलेला बांगडा, मीठ-मसाला-कांदा-लसूण काही नाही, कांदा-लसूण मांजरांना बाधतो. पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं, सात पिल्लं पाजणारीला तर विचारूच नका. डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं, मनी थरथरायला लागली, चालताना लडखडली तर रात्री-अपरात्री फोन करा, एकीवर सगळा भार आला की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. मी रात्री टॉर्च घेऊन माळ्यावर जायचे, तिच्या पायांकडे बघत बसायचे. झालं नाही तसं काही. काळूचं वजन तिसऱ्या सकाळी 14 ग्रॅमने वाढलं, मी कॅलेंडरवर तो आकडा लाल पेनने लिहिला.

आणि मनी त्या दिवसांत अधूनमधून हाऱ्यातून उठून पडवीत जायची, चिंगीचं डोकं चाटायची, परत वर यायची. हे मी स्वतः बघितलंय.

चिंगी बरी होऊन परत हाऱ्यात आली. पुढचे दिवस भराभर गेले, पिल्लं ट्रंकेवरून उड्या मारायला लागली, चार आठवड्यांची झाल्यावर भिजवलेलं खाणं चाटायला लागली. दूध तोडायचं मात्र अवघड गेलं, ते एकत्र वाढवण्यामुळेच. एकटी आई असते तेव्हा ती कंटाळून पंजा मारते, उठून जाते, पिल्लं आपोआप बशीकडे वळतात. इथे चिंगीने हाकललं की सगळी वरात मनीकडे, मनीने फिस्स केलं की परत चिंगीकडे. दीड महिन्याची धटिंगणं झाली तरी लुचणं चालूच, आणि दोन्ही आया हाडकुळ्या दिसायला लागल्या. शेवटी दिवसातले काही तास दोघींना एकाच वेळी पिल्लांपासून लांब, पडवीच्या बाजूच्या खोलीत ठेवायला लागलो आणि ते तास वाढवत नेले. एकीलाच वेगळं काढून काही उपयोग होत नाही, हे लक्षात ठेवा. दोघींना घरातच ठेवायचं हेही, कारण अंगावर पाजत असतानाही मांजर परत गाभण राहते.

जंताचं औषध पिल्लांना आणि आयांना एकाच दिवशी दिलं, वजनाप्रमाणे, दर दोन आठवड्यांनी. लसही सगळ्यांची एकाच वेळी सुरू केली, मोठी आठ आठवड्यांची झाली तेव्हा. एकाच हाऱ्यात दोन कुटुंबं असली की एकाला झालेला आजार सातांना व्हायला वेळ लागत नाही, त्यातून पिल्लांचा तो उलट्या-जुलाबांचा रोग आला तर अख्खा हारा जातो, म्हणून यात चालढकल अजिबात नको. बाहेरून येणाऱ्यांना आम्ही पिल्लांना हात लावू देत नव्हतो, काही पाहुणे रागावले, रागावू देत.

दूध आटल्यावर मनी आणि चिंगी दोघींचं नसबंदीचं ऑपरेशन एकाच दिवशी केलं. घरी आणल्यावर दोघींना दवाखान्याचा वास येत होता आणि पहिल्यांदाच दोघी एकमेकींवर फिसकारल्या, हाऱ्यातली जुनी गोधडी दोघींच्या अंगावरून फिरवली, रात्रीपर्यंत शांत. पिल्लं जोडीजोडीने दिली, दोन तिरंगी एका शिक्षक जोडप्याकडे खेर्डीला, पिवळी दोन नणंदेकडे गुहागरला, एकही एकटं दिलं नाही आणि मोठी झाल्यावर ऑपरेशन करणार असं कबूल करून घेतल्याशिवाय तर नाहीच. करडे दोन बोके आणि काळू आमच्याकडेच राहिलेत. काळू आता सव्वादोन किलोचा आहे, तिघांची ऑपरेशनं पुढच्या महिन्यात ठरली आहेत, आणि सासूबाईंनी बाजारातून मोठा हारा आणलाय कारण जुन्यात पाच जण मावत नाहीत.